चार बंदरं, चार तऱ्हांचं पाणी : पश्चिम कॅरिबियन क्रूझवर सहकुटुंब स्नॉर्कलिंग

मायामीहून निघायचं, कोझुमेल, बेलीझ, रोआटान आणि ग्रँड केमन ही चार बंदरं करायची आणि आठव्या दिवशी सकाळी परत मायामीला उतरायचं. पश्चिम कॅरिबियनचा सात रात्रींचा हा ठरलेला मार्ग आहे. कंपनीप्रमाणे बंदरांचा क्रम पुढेमागे होतो. मुलगा-सून अमेरिकेत, आई-वडील पुण्या-नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेले आणि नातवंडांना शाळेची सुट्टी, अशा कुटुंबांना ही सहल फार सोयीची पडते. सामान एकदाच उघडायचं आणि रोज सकाळी नवा देश बघायचा.

पण चारही बंदरांवर स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग बघणं, एकाच नावाने विकलं जातं आणि तिथेच फसगत होते. कोझुमेलच्या पाण्याला ओढ आहे. बेलीझला प्रवाळापर्यंत पोचायलाच तास-सव्वा तास लागतो. रोआटानला वाळूतून चालत पाण्यात शिरता येतं आणि केमनच्या वाळूपट्टीवर मोठा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. म्हणून घरातल्या कोणी कुठे उतरायचं हे सहली बुक करण्याआधी ठरवा. सगळ्यांनी सगळीकडे उतरायचा हट्ट धरला की पहिल्याच बंदरावर कुणीतरी घाबरतं आणि पुढचे तीन दिवस किनाऱ्यावर बसून काढतं.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर सहलच होत नाही. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-वडिलांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि चालू हवा. एच-वन-बी वाल्यांनी पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टँपची तारीख नीट बघावी. स्टँप संपला असेल आणि हातात फक्त मंजुरीचं पत्र असेल, तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या सहलीला मिळणारी सवलत इथे लागू होत नाही, कारण वाटेत बेलीझ, होंडुरास आणि केमन येतात. प्रत्येक बंदराच्या देशाचा भारतीय पासपोर्टसाठीचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.

दिवस १ : मायामी

विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशीच मायामीत पोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. मोठ्या बॅगांना केबिन नंबरचे टॅग लावून धक्क्यावरच्या पोर्टरकडे द्यायच्या, बॅगेमागे एक-दोन डॉलर टिप. या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, रोजच्या गोळ्या, पोहण्याचे कपडे आणि मास्क खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. घरचं शिजवलेलं अन्न चढवू देत नाहीत, बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो. इस्त्री आणि किटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

चढल्यावर दोन कामं जेवणाआधी उरकावीत. पहिलं सुरक्षा कवायतीचं. आता बहुतेक जहाजांवर व्हिडिओ बघून आपल्या ठरलेल्या जागी हजेरी लावली की झालं. ती जागा आजी-आजोबांनाही चालत दाखवून आणा. दुसरं काम जेवणघराच्या मुख्य वेटरला भेटण्याचं. शाकाहारी, त्यात अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे स्पष्ट सांगावं. बऱ्याच जहाजांवर भारतीय आचारी असतात आणि उद्याची भाजी आज संध्याकाळी सांगितली तर वरण-भाताच्या जवळ जाणारं जेवण मिळतं. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच नोंदवावं लागतं.

धक्का सुटण्याआधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं जहाजाचं मोबाइल नेटवर्क आपोआप जोडलं जातं आणि त्याचं बिल मोठं येतं. त्यासोबत फोनचं घड्याळ स्वयंचलित ठेवू नका, जहाजाची वेळ हाताने लावा. केमन आणि कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतात, बेलीझ आणि होंडुरास त्यांच्या एक तास मागे. मायामी हिवाळ्यात कोझुमेलबरोबर असते आणि उन्हाळ्यात एक तास पुढे जाते. काही जहाजं बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही आठवडाभर मायामीचीच वेळ ठेवतात. परतीची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने मोजली जाते. धक्क्यावर जीव मुठीत धरून धावणारी माणसं दिसतात, त्यातली बरीच या एका तासाने फसलेली असतात.

दिवस २ : समुद्रावर

जहाज क्यूबाच्या पश्चिम टोकाला वळसा घालून युकातानच्या सामुद्रधुनीत शिरतं. क्यूबा आणि मेक्सिको यांच्यामधल्या या दोनेकशे किलोमीटरच्या फटीतून कॅरिबियनचं पाणी जोराने उत्तरेकडे वाहतं, त्यामुळे इथे जहाज थोडं झुलतं. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर तिचा उपयोग कमी होतो. अमेरिकेत मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय मिळते. भारतातून येणारे अव्होमिन आणतात. दोन्हींनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आलेपाक सगळ्यांना चालतो. केबिन निवडतानाच जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची घेतली तर झुलणं सगळ्यात कमी जाणवतं.

आजचा दिवस मास्कचा. भाड्याचे मास्क प्रत्येक बंदरावर मिळतात, पण आमचा आग्रह असा की फिन्स, म्हणजे पायात घालायचे पोहण्याचे पंख, भाड्याने घ्या, मास्क स्वतःचा न्या. फिन थोडी सैल असली तर मोजा घालून भागतं. चेहऱ्यावर न बसणारा मास्क दर दोन मिनिटांनी पाण्याने भरतो, आणि नव्या माणसाची भीती तिथूनच सुरू होते.

मास्क बसतो की नाही हे असं बघायचं. पट्टा पुढे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केस बाहेर काढा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. कडेने हवा आत आली तर कितीही महाग असला तरी तो दुसऱ्या कुणाचा. मुलांना मोठ्यांचा मास्क कधीच बसत नाही, त्यांचे लहान आकाराचेच घ्यावेत. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं, कारण केसांमधून सिलिकॉनची कड त्वचेला टेकत नाही. नाकाच्या लगेच खालची करंगळीच्या नखाएवढी पट्टी साफ केली की मिशी दिसायला तशीच राहते आणि गळती थांबते. तेवढीही तयारी नसेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा. पट्टा आवळल्याने गळती थांबेल असं सगळ्यांना वाटतं, पण आवळला की मास्कची कड दुमडते आणि पाणी जास्तच येतं. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कानांच्या वरून, नुसता टेकण्याइतका हवा.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत काय वाटेल ते केलं तरी काच धुरकट होते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलची नव्हे, बोटाने काचेच्या आतल्या बाजूला दोन मिनिटं घासून धुवा. हे घरीच दोन-तीन वेळा करावं. मग पाण्यात उतरताना बेबी शाम्पूचा एक थेंब आत फिरवून एकदाच खळबळून टाकायचा. चष्म्याचा नंबर उणे असेल तर तयार नंबरचे मास्क अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने मिळतात. पाण्याखाली सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे नंबर किंचित कमी घेतला तरी भागतं.

जहाजाच्या पूलमध्ये स्नॉर्कल आणि फिन्स सहसा चालत नाहीत, म्हणून सराव केबिनच्या बेसिनमध्ये. बेसिन भरा, मास्क लावा, नळी दातांमध्ये धरा, चेहरा पाण्यात ठेवा आणि सावकाश शंभर आकडे मोजा. पहिले वीस आकडे छाती धडधडते, कारण नाक बंद आणि तोंड पाण्यात, हे शरीराला पटत नाही. चाळीस आकड्यांच्या पुढे श्वास खाली बसतो. मग दोन गोष्टी शिकवायच्या. नळीत पाणी शिरलं तर ‘टू’ म्हणून जोरात फुंकर मारायची. मास्कमध्ये शिरलं तर वरची कड कपाळावर दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. सात-आठ वर्षांचं मूल हे अर्ध्या तासात शिकतं. आजीला थोडा जास्त वेळ लागला तरी तिला शिकवाच.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क दिसायला सोपा वाटतो, पण आम्ही तो सुचवत नाही. सोडलेली हवा आत रेंगाळली तर पुन्हा तीच ओढली जाते, आणि घाबरल्यावर तो पटकन तोंडावरून निघत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी कोणत्याही नळीतून श्वास घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. अरुंद नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर पडतो.

रात्री आणखी एक काम. मंगळसूत्र, साखळ्या, कानातलं, जोडवी सगळं केबिनच्या तिजोरीत. चमचमणारी वस्तू बॅराकुडा माशाला लहान मासळीसारखी दिसते, आणि खाऱ्या पाण्यात बोटं आक्रसून अंगठ्या गळून पडतात.

दिवस ३ : कोझुमेल, मेक्सिको

जहाज थेट धक्क्याला लागतं. इथे पाणी इतकं स्वच्छ असतं की वीस-तीस मीटर सहज दिसतं. तारकर्लीला जे स्नॉर्कलिंग करून आलेत त्यांना पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कोकणात नद्यांचा गाळ समुद्रात येतो. कोझुमेलवर नदीच नाही. पाऊस चुनखडीत झिरपून जातो, म्हणून किनाऱ्याचं पाणी गढूळ होत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही इथे बघावं लागत नाही, फरक जेमतेम वीतभराचा असतो.

पण ओढ आहे. पालांकार आणि कोलंबिया या नावाजलेल्या प्रवाळांवर पाणी बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं. बोट तुम्हाला एका टोकाला सोडते आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे जाऊन उचलते. पोहायचं नसतं, तरंगत राहायचं असतं. प्रवाहाच्या उलट पाय मारणारा पाच मिनिटांत दमतो आणि तिथेच राहतो. ज्याला हे मनापासून पटलंय त्यानेच पालांकारला जावं. बाकीच्यांनी चांकानाब बागेतून, पायऱ्यांनी पाण्यात उतरावं. हे पहिलंच बंदर आहे आणि चारांत सगळ्यात अवघडही, म्हणून ज्या जहाजाचा क्रम उलटा, म्हणजे केमन आधी, असेल ते नवख्या कुटुंबासाठी उत्तम.

कोझुमेलचा प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि साधं सनस्क्रीन लावून तिथे उतरू देत नाहीत. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहताना घालायचा घट्ट सदरा, आणि पोटऱ्या झाकणारी लेगिंग हाच खरा उपाय. पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू तासभर आकाशाकडे असते, आणि भाजते तीच. एल सिएलोच्या उथळ वाळूवर समुद्रतारे पसरलेले असतात. फोटोसाठी ते पाण्याबाहेर काढू नका, काढणाऱ्या गाइडलाही थांबवा. प्रवाळांना गिळणारा एक रोग २०१४ साली फ्लोरिडात दिसला, २०१८ साली इथे पोचला, आणि २०१९ मध्ये पालांकार, कोलंबिया व एल सिएलो काही काळ बंद ठेवावे लागले. पांढरे पडलेले, शेवाळ चढलेले मोठे गोलाकार प्रवाळ दिसले तर ते बहुधा त्याचंच.

हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बंदर अधिकारी लहान बोटींना मनाई करतात. त्या दिवशी पैसे परत मिळतात की नाही हे बुक करतानाच विचारा.

दिवस ४ : बेलीझ

किनारा इतका उथळ की मोठं जहाज कित्येक किलोमीटर बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर, म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटीने बेलीझ सिटी गाठावी लागते. एका दिशेला वीस ते तीस मिनिटं, रांग वेगळी. जहाजाकडून सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात. बाहेरून सहल घेणार असाल तर पहिल्या टेंडरची चिठ्ठी पहाटे उठून घ्या आणि शेवटच्या टेंडरची वेळ हातावर लिहून ठेवा. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही. इतर तीन बंदरांवर आम्ही स्थानिक बोटवाल्यांकडूनच सहल घ्यायला सांगू, बेलीझमध्ये मात्र जादा पैसे देऊन जहाजाचीच घ्या.

बेलीझची सहल जाते ते होल चान हे सागरी राखीव क्षेत्र १९८७ सालचं. आपलं मालवणचं सागरी अभयारण्यही त्याच वर्षीचं. माया भाषेतल्या नावाचा अर्थ लहान खाडी, आणि प्रवाळाच्या भिंतीतली ती फट खरोखर लहान आहे. जवळच शार्क रे अ‍ॅली आहे. कोळी तिथे मासळी साफ करून आतडी टाकायचे, त्या वासाने नर्स शार्क आणि पाकट (स्टिंगरे मासे) जमू लागले आणि मग जमतच राहिले. नर्स शार्क तळाशी फिरणारा, आपणहून अंगावर न येणारा मासा आहे; शेपूट किंवा पर धरला तर मात्र चावतो. हात छातीशी घेऊन तरंगा.

वेगवान बोटीचा एका बाजूचा तास-सव्वा तास पाठीला हिसके देतो. कंबरदुखी असलेल्यांनी आणि गरोदर सुनेने ही सहल घेऊ नये. त्यांच्यासाठी बेलीझ सिटीपासून पन्नासेक किलोमीटरवर आल्तुन हा हे माया लोकांचं जुनं नगर आहे, बस वातानुकूलित असते.

दिवस ५ : रोआटान, होंडुरास

सगळं कुटुंब एकत्र पाण्यात उतरू शकेल अशी जागा हवी असेल तर ती वेस्ट बे. जहाज कॉक्सन होल किंवा महोगनी बेला लागतं, तिथून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आसपास. भाडं माणशी की गाडीचं, एकेरी की परतीचं, हे गाडीत बसण्याआधी ठरवा आणि परतीचे पैसे परतल्यावरच द्या.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, काळ्या खडकांच्या बाजूने पाण्यात शिरा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फिन्स घालायच्या आणि उलट्या पावलांनी मागे सरकत चार हात गेलं की पोहायला लागायचं. थोड्याच अंतरावर प्रवाळ सुरू होतो. आधी गुडघाभर खोलीवर पसरलेला माथा, त्याच्यावरून जायचा प्रयत्न करू नका, पोट घासतं. बोयांची, म्हणजे तरंगत्या खुणांची, रांग बघून मधल्या वाळूच्या वाटेने बाहेर पडा. पलीकडे तळ एकदम खाली जातो आणि पाण्याचा रंग फिकट हिरव्यावरून गर्द निळा होतो. इथे नवखा माणूस दचकतो. त्याला आधीच सांगून ठेवा की खोली वाढली तरी तरंगणं तेवढंच राहतं.

मग हलायचं नाही. एका जागी पाच मिनिटं तरंगत राहिलं की कानावर बारीक कडकड येऊ लागते, कुणी वाळलेला चणा फोडतंय तशी. तो पॅरटफिश. पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, दगडही गिळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. बघता बघता त्याच्या शेपटीखालून धुराची रेघ निघावी तशी वाळू सांडताना दिसते. पायाखालची मऊ पांढरी वाळू बरीचशी त्याचीच देणगी. मुलांना हे एकदा दाखवलं की ती तासभर त्याच्याच मागे असतात.

मोहरीसारख्या पिवळट रंगाचा, कडेला पांढरा असलेला फायर कोरल दिसला तर लांब राहा. हात लागला की आग होते. तिथे गोडं पाणी चोळू नका, व्हिनेगर ओता. तपकिरी पट्ट्यांचा, पंख्यासारखे पर पसरलेला लायनफिश इथला मूळचा नाही, हिंदी-प्रशांत महासागरातून आला आणि पसरला. त्याचे काटे विषारी असतात. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात, अंगाला खोबरेल तेल चोपडलं की त्यांचा त्रास कमी होतो.

हा प्रवाळ युकातानच्या टोकापासून इथपर्यंत सुमारे हजार किलोमीटर पसरलेला आहे. कोझुमेल, बेलीझ आणि रोआटान हे त्याचेच तीन तुकडे.

दिवस ६ : ग्रँड केमन

पुन्हा टेंडर, पण जवळचा. समुद्र खवळलेला असेल तर हे बंदर रद्द होऊ शकतं.

नॉर्थ साउंडच्या वाळूपट्टीवर पाकट जमतात. कारण बेलीझसारखंच: खाडीच्या शांत पाण्यात कोळी मासळी साफ करायचे. पाणी साधारण मीटरभर, त्यामुळे पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांचा हा दिवस. लहान मुलांना लाइफ जॅकेट घालून कडेवर घ्या, ती उभी राहू शकत नाहीत. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत सरकवायचं. पाकटाचा काटा शेपटीच्या बुडाशी असतो आणि तो पायाखाली आला तरच मारतो. पाऊल घासत आलं की त्याला आधी कळतं आणि तो बाजूला होतो. तळवे सपाट पसरून पाण्याखाली धरा. पाकट वरून सरकतं तेव्हा पोटाची बाजू भिजवलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत आणि मऊ लागते, पाठ मात्र किंचित खरखरीत. त्याला पाण्याबाहेर उचलणं कायद्याने बंद आहे.

सकाळची पहिली बोट घ्या. दहानंतर तीन-चार जहाजांची माणसं एकाच पट्टीवर येतात आणि वाळू ढवळून पाणी गढूळ होतं.

खरेदीत एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानांत किंमत बऱ्याचदा केमन डॉलरमध्ये लिहिलेली असते आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे. दुकानदार साधारण सव्वा डॉलर धरतात, म्हणजे ऐंशीची वस्तू शंभराला पडते. शंख, प्रवाळाचे दागिने घेऊ नका. राणी शंखाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत आणि मायामीच्या तपासणीत ते अडकतात.

दिवस ७ : समुद्रावर

मास्क, नळ्या, रॅशगार्ड गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवा. उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं. कान दुखत असेल तर आज जहाजाच्या डॉक्टरला दाखवून घ्या, विमानात तो जास्त दुखतो.

जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या टिपा बहुधा रोज माणशी सोळा ते वीस डॉलरच्या घरात आपोआप बिलात लागतात. बिल आज रात्रीच तपासावं, उद्या सकाळी काउंटरवर रांग असते. मोठ्या बॅगा झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायच्या, पण उद्याचे कपडे, चपला, गोळ्या आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा. पायजम्यावर जहाज उतरायची वेळ दरवेळी कुणावर तरी येते.

दिवस ८ : मायामी

जहाज पहाटे लागतं, पण माणसं टप्प्याटप्प्याने सोडतात. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं ठेवा. न्याहारीतली फळं पिशवीत घेऊ नका, तपासणीत काढून घेतात.